हुंडी एका वाटेनं, चिठ्ठी दुसऱ्या

‘ताई, ह्ये खरं हाय का बघा की.’

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी माझ्या फोनवर हे वाक्य येतं. खाली एक फोटो असतो. फोटोत कुणाच्या तरी मोबाइलचा पडदा, पडद्यावर इंग्रजी मेल, मेलच्या पोटात एक निळी ओळ. कधी रिफंड मंजूर झालेला असतो, कधी पॅन आज रात्रीपासून बंद होणार असतं, कधी न मागवलेलं पार्सल कुठल्यातरी गोदामात अडकून पडलेलं असतं. पाठवणारे माझे पक्षकार, नाहीतर त्यांचे मेहुणे. मी सांगलीत मार्केट यार्डाच्या वाटेवर, जिना चढून गेल्यावरच्या दोन खोल्यांत कर सल्लागार म्हणून बसते. नवी हळद यायला लागली की खिडकीच्या गजांवर, फायलींवर, कीबोर्डच्या फटींत पिवळी पूड साठते. त्या पिवळ्या बटणांवरून मी बरीच वर्षं एका शब्दात निवाडे देत आले. खोटं. खोटं. खरं. खोटं.

अशा मेलांचं पेव फुटलंय असं आपण सहज म्हणतो. सांगलीकराला हा वाक्प्रचार नुसता ऐकून माहीत नसतो. शेजारी हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, त्यातली पुष्कळ २००५ च्या महापुरानं बुडवली. तर पेव फुटलं, आणि रोज तेच ते बघून मी न बघता सांगायला लागले. मग चुकले. लोक चुकतात तशी नाही, उलट्या अंगानं चुकले. म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी विद्या सांगते, कारण ती अगदीच टाकाऊ नाही.

आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडं लिहितो. घराचं नाव, गल्ली, मु. पो. हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली. लांबच्या पोस्टात टपाल वेगळं करणारा माणूस घराचं नाव वाचत बसत नाही, तो तळाची ओळ बघतो. लिंकही तशीच वाचायची. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून द्यायच्या, त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठं येते ते बघायचं, आणि तिथून उलटं मागं यायचं. त्या रेघेच्या लगेच अलीकडं ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर जिल्हा सरकारी. त्या जिल्ह्यात कुणाही सोम्यागोम्याला प्लॉट मिळत नाही, ती नावं सरकारी कार्यालयांनाच दिली जातात. पण ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-स्टेटस डॉट अमुकतमुक’ असं लांबलचक शेपूट असेल, तर जिल्हा अमुकतमुक, तालुका रिफंड-स्टेटस, आणि पुढचं सगळं म्हणजे फाटकावर रंगवलेली पाटी. आमच्या विश्रामबागेत एका बंगल्याचं नाव ‘काशी’ आहे. त्या फाटकातून आत गेल्यानं अजून कुणाला गंगास्नान घडलेलं नाही.

निळ्या ओळीवर जे लिहिलंय तिथंच ती नेते असंही नाही. वरचं लिहिणं वेगळं, आतला पत्ता वेगळा. संगणकावर बाण नुसता त्या ओळीवर नेऊन थांबवला, दाबला नाही, तर खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. फोनवर बोट दाबून धरावं लागतं, आणि फोनवर दाबून धरणं आणि दाबणं यात इतकं थोडं अंतर आहे की साठीच्या पुढच्या माणसाला मी ते शिकवायला जात नाही. पत्त्याच्या मध्येच ‘ॲट’चं वाटोळं चिन्ह दिसलं तर तिथंच थांबायचं. त्या चिन्हाच्या डावीकडं बँकेचं पूर्ण नाव घातलेलं असलं तरी ब्राउझर ते पत्ता म्हणून धरतच नाही, तो उजवीकडच्या घरी जातो.

मग अक्षरांची फसवणूक. जुन्या छापाच्या पुस्तकात ‘रवाना’ की ‘खाना’ हे कळायला आम्हाला पुढचं वाक्य वाचावं लागायचं. इंग्रजीत आर आणि एन खेटून बसले की एम दिसतो. याच्याही पुढची पायरी म्हणजे रशियन लिपीतली काही अक्षरं, जी दिसायला इंग्रजी ए, पी, ई सारखी हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी वेगळी. २०१७ साली एका संशोधकानं ॲपल कंपनीचं नाव सगळंच्या सगळं असल्या अक्षरांनी लिहून साइट उभी करून दाखवली होती. क्रोमच्या आणि फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ती चोख ‘ॲपल’ दिसत होती. क्रोमनं पुढं दुरुस्ती केली. पण असलं काही नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कुणाच्या बापाला शक्य नाही, आणि लोक मला डोळ्यांनीच ओळखायला सांगत होते.

कुलपाचंही एक सांगून टाकते, कारण त्यावर लोकांची फार श्रद्धा. पत्त्याशेजारी कुलूप असलं की साइट चांगली, हे कुणी डोक्यात भरवलं कुणास ठाऊक. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं वाटेत तिसरा ऐकत नाही. ज्याच्याशी बोलताय तोच चोर असला तर? तोही कुलूप लावूनच बसतो, कुलूप फुकट मिळतं. २०२३ साली क्रोमनं ते चित्रच काढून टाकलं, बरं केलं.

आणि पाठवणाऱ्याचं नाव? ते तर पोस्टकार्डाच्या मागं कुणीही काहीही लिहावं तसं. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडं कसा जावा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले (आडनाव पोस्टेल, हे मी बनवलेलं नाही). त्या नियमांत पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोयच नव्हती. तेव्हा एकमेकांना ओळखणारी मोजकी माणसं मेल पाठवत होती, कशाला तपासतील? सही-शिक्क्याच्या तरतुदी पुढं वीसेक वर्षांनी ठिगळं लावल्यासारख्या आल्या. त्या तपासून तुमची मेलसेवा पुष्कळ कचरा आधीच बाजूला काढते. पण शिक्का जुळला याचा अर्थ पत्र त्या घरून निघालं एवढाच. घरचा माणूस सज्जन आहे असा नाही.

एवढं सगळं येत असून मी चुकले.

आमचे एक आण्णा आहेत. दोन ट्रक. हळद, गूळ, हंगामात द्राक्षाच्या पेट्या, जे मिळेल ते भाडं. त्यांचं विवरणपत्र त्या वर्षी भाच्यानं घरीच भरलं होतं. मला बरंच वाटलं होतं, जुलैत एक फाइल कमी. सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, त्यांचा फोटो आला. ‘ताई, ह्ये खरं हाय का.’

सप्टेंबर म्हणजे आमच्या धंद्यात अंगावर येणारा महिना. टॅक्स ऑडिटच्या फायली सीएंकडं पोचवायच्या असतात, ३० तारीख डोक्यावर, आणि खाली रस्त्यावर ढोल. मी फोटो बघितला. वर फक्त नाव दिसत होतं, पत्ता नाही. फोनमधला मेल नावच दाखवतो, पत्ता बघायला नावावर टिचकी मारावी लागते, आणि फोटोवर टिचकी मारून काय होणार? मजकूर ओबडधोबड इंग्रजी. तुमच्या विवरणपत्रात दोष आहे. १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर ते अवैध धरलं जाईल. सोबत एक फाइल जोडलेली, तिला कुलूप, आणि कुलपाची किल्ली म्हणजे तुमचं पॅन आणि जन्मतारीख.

धमकी आहे. मुदत आहे. जोडलेली फाइल आहे. पॅन आणि जन्मतारीख टाका म्हणतंय. खोट्या मेलाची म्हणून जी जी लक्षणं मी दहा ठिकाणी सांगत फिरले होते, ती सगळी एकाच फोटोत. मी लिहिलं, ‘खोटं आहे. उडवा.’ चार सेकंदं लागली असतील.

डिसेंबरात आण्णा जिना चढून आले. रिफंड आला नव्हता. मी पोर्टल उघडलं, भाच्याकडून पासवर्ड मागवला, आणि ई-प्रोसिडिंग्ज या नोटिशींच्या कप्प्यात ती नोटीस निवांत बसलेली होती. जुन्या आयकर कायद्याचं कलम १३९(९), दोष असलेल्या विवरणपत्राचं. भाच्यानं व्यापाऱ्यांनी कापलेला टीडीएस सगळा मागितला होता, पण ज्या भाड्यावर तो कापला, ते भाडं जमेत पूर्ण दाखवलंच नव्हतं. असल्या गफलतीला ही नोटीस ठरलेलीच. पंधरा दिवसांत दहा मिनिटांचं काम होतं. मुदत गेली, विवरणपत्र अवैध झालं, म्हणजे कायद्याच्या लेखी आण्णांनी काही भरलंच नव्हतं. ३१ डिसेंबरच्या आत नव्यानं भरलं, ५,००० रुपये विलंब शुल्क, वर थोडं व्याज.

मी ड्रॉवर उघडून पैसे काढायला लागले. आण्णा म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या की ताई. ट्रक ठोकला तर ड्रायव्हरकडनं पैसं घेतोय व्हय मी?’

यात माफी किती आणि टोमणा किती हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या दिवशी घरी जाताना गणपती मंदिरावरून गेले. सांगलीच्या संस्थानचा एक रिवाज बाहेरच्यांना माहीत नसतो. चतुर्थीच्या आधीच, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, इथं एक गणपती गाजावाजा न करता बसतो. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. गुपचूप येतो म्हणून नाव पडलं चोर गणपती. लहानपणी मला वाटायचं, हा खोटा आणि चतुर्थीचा खरा. आजीनं तेव्हा पाठीत धपाटा घातला होता. आण्णांची नोटीस तशीच गुपचूप, वाजंत्रीशिवाय आलेली, आणि मी नावावरून निवाडा दिला होता.

खोट्या मेलाला खरं म्हणणं ही चूक सगळ्यांना दिसते. पैसे जातात, पोलिसांत तक्रार होते. खऱ्याला खोटं म्हणणं ही चूक कुणाच्या लेखी चूकच नसते, उलट माणूस सावध आहे असं वाटतं. ‘खोटं’ म्हणायला मला काही खर्च येत नव्हता. खर्च आण्णांना आला.

घरी नाना खुर्चीत बसलेले. माझे वडील. हळदीच्या अडतीत सगळी हयात दिवाणजी म्हणून काढली. १९६० च्या आसपास लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं म्हणतात. कानानं आता कमी ऐकू येतं, पण हळकुंड टेबलावर टाकलं की आवाजावरून ओल सांगतात. मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा.

‘तू ते मेल बघितलंस कुठं?’

‘फोटोत.’

‘मग मोडून कसं बघणार?’

हळद घेणारा कधी वरच्या रंगावर जात नाही. पॉलिश केलेलं हळकुंड वरून झळझळतं. त्याला हातात घेऊन मोडायचं, कट् असा कोरडा आवाज यायला हवा, आणि आतला गाभा बघायचा. हे मला लहानपणापासून माहीत. पण नानांना त्यापुढचं सांगायचं होतं, आणि ते हळदीचं नव्हतं, हुंडीचं होतं.

हुंडी म्हणजे काय हे आता सांगायला लागतं. इथल्या व्यापाऱ्यानं तिथल्या पेढीला लिहिलेला कागद: हा कागद आणणाऱ्याला इतके रुपये द्या. दर्शनी असेल तर बघताक्षणी, मुदती असेल तर ठरल्या मितीला. शाहजोग असेल तर कुणाही येरागबाळ्याला नाही, बाजारात पत असलेल्या शाहूलाच. रक्कम नुसती आकड्यात लिहून भागायचं नाही. आकडा, मग अक्षरी, मग त्याचे निमे, मग निमेची दुप्पट. शंभर, अक्षरी शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट. एका शून्यानं माणूस बसायची वेळ येते, म्हणून ही चौफेर गाठ. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट सांगणारा समाज आपला. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, त्यामागं धरावेचं मारावे झाल्याची आख्यायिका आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक. कागदातलं एक अक्षर काय करू शकतं हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको होतं.

‘पण खरी गंमत कागदात नव्हती,’ नाना म्हणाले. ‘हुंडी येणार असली की लिहिणाऱ्याची चिठ्ठी आधी यायची. वेगळी. पोस्टानं. अमुक रकमेची, अमुक नावाची, अमुक मितीला हुंडी लिहिली आहे, स्वीकारावी. ती चिठ्ठी काढायची, हुंडीशेजारी ठेवायची, जुळली तर पैसे.’

‘आणि हुंडी आणणाऱ्यानंच चिठ्ठीपण आणली तर?’

‘तर त्याला चहा पाजायचा, गादीवर टेकून बसवायचं, आणि पोऱ्याला तार करायला पिटाळायचं.’

मी हसले. नंतर स्वयंपाकघरात भाकरी थापताना हसू गेलं. मेल म्हणजे हुंडी, आणि मेलातली लिंक म्हणजे हुंडी आणणाऱ्यानंच खिशातून काढलेली चिठ्ठी. मी आजवर त्या चिठ्ठीचं अक्षर तपासत बसले होते. रव आहे की ख आहे. नानांच्या अडतीत ती चिठ्ठी कुणी वाचलीच नसती. चांगली असो की वाईट, ज्या वाटेनं हुंडी आली त्या वाटेची चिठ्ठी चालत नाही, बस.

जगातला या विषयातला सगळ्यात महागडा किस्साही याच जागी येऊन ठेपतो. मार्च २०१६. अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावानं मेल आला, कुणीतरी तुमचा पासवर्ड मिळवलाय, लगेच बदला. खाली आखूड केलेली लिंक. त्यांच्या कार्यालयानं तो मेल तांत्रिक मदतनिसाला दाखवला. त्यानं उत्तर लिहिलं, हा मेल वैध आहे, पासवर्ड ताबडतोब बदला. त्याला लिहायचं होतं अवैध. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीची दोन अक्षरं राहिली, असं तो नंतर सांगत राहिला. ऑक्टोबरात त्या खात्यातले हजारो मेल विकिलीक्सवर आले. हा ‘ध’चा ‘मा’ सगळेजण चवीनं सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. त्या मदतनिसानं उत्तरात गूगलचा खरा पत्ताही दिला होता, पासवर्ड इथून बदला म्हणून. खरी वाट हातात होती. बोट मात्र मेलातल्या निळ्या ओळीवर पडलं. ती जवळ होती ना.

तेव्हापासून मी ‘खरं’, ‘खोटं’ लिहिणं सोडलं. उत्तरात एकच विचारते, हे कुणाकडून आलंय म्हणतंय? आयकर खातं? मग फोन बाजूला ठेवा, पत्ता आपल्या हातानं टाइप करा, लॉगिन करा. नोटीस असेल तर आत दिसेलच. आत नसली आणि तरी शंका असली, तर १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिनसुद्धा न करता, तो घालून नोटीस खरी का ते बघायची सोय आहे. ही झाली पोस्टानं आलेली चिठ्ठी. बँकेचा मेल असेल तर बँकेचं ॲप उघडा, नाहीतर पासबुकावरचा नंबर फिरवा. मेलात दिलेला नंबर नाही. पार्सल असेल तर ज्याच्याकडून मागवलं तिथं जाऊन बघा. काही मागवलंच नसेल तर चहा प्या.

लोकांना हे आवडलं नाही. निवाडा हवा असतो, वाट नको असते. एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं, ‘पूर्वी तुम्ही पटकन सांगत होता.’ होते खरी.

लोकांचंही सगळंच चुकतं असं नाही. खरे मेल पाठवणारे काय कमी गोंधळ घालतात? माझं खातं असलेल्या एका बँकेचा मेल दर महिन्याला येतो: अनोळखी लिंक उघडू नका. त्याच मेलाच्या तळाशी, अधिक माहितीसाठी इथं दाबा. तिथं बाण नेऊन थांबवला तर खाली बँकेचं नावच नाही, कुठल्यातरी जाहिरात-मोजणाऱ्या कंपनीचा हातभर लांब पत्ता, त्यात अक्षरं-आकड्यांची उसळ. किती जणांनी दाबलं हे मोजायला असले आडमार्ग घालतात. म्हणजे खऱ्याची लिंक गबाळी, आणि चोराची स्वच्छ, सुटसुटीत, इस्त्री केलेली. माझ्या जिल्हा-तालुक्याच्या विद्येनं हा खरा मेल सरळ नापास होतो. आता एक बरं झालंय. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ‘बँक डॉट इन’ या शेपटाखाली यायला सांगितलं, त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत. ती नावं बँकांनाच मिळतात. बँकांना स्वतःचा जिल्हा मिळाला म्हणायचा. पण मेलातली लिंक तो आडमार्ग घेणार असेल तर जिल्हा दिसणार कुठून?

यंत्राकडून मदत घ्यायला माझी ना नाही. व्हायरसटोटल नावाची साइट आहे, तिथं लिंक न उघडता नुसती चिकटवली तर अनेक तपासनीस कंपन्यांचं मत एकदम मिळतं. पण सकाळी मांडलेलं दुकान दुपारपर्यंत कुणाच्याच यादीत नसतं, त्यामुळं तिथला ‘स्वच्छ’ शेरा मी अर्धाच धरते. पासवर्ड सांभाळणारी ॲपं मला जास्त भरवशाची वाटतात, कारण त्यांना दिसण्याशी देणंघेणं नसतं. पासवर्ड ज्या पत्त्यासाठी ठेवला तोच पत्ता असेल तर भरतात, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर गप्प बसतात. अर्थात त्या गप्पपणाकडं लक्ष द्यायला माणूस जागा लागतो. ट्रॉय हंट हे ऑस्ट्रेलियाचे सुरक्षातज्ज्ञ, कुणाकुणाचे पासवर्ड फुटलेत ते सांगणारी साइट चालवणारे. मार्च २०२५ मध्ये लंडनला लांबच्या विमानप्रवासानं थकलेले असताना असल्याच एका मेलाला फसले. त्यांच्या ॲपनं पासवर्ड आपणहून भरला नव्हता. त्यांनी हातानं भरला. त्यांच्या वार्तापत्राच्या सुमारे १६,००० वाचकांचे पत्ते गेले. त्यांनी लगेच स्वतःच सगळं जाहीर लिहून टाकलं, हे मला फार मोठं वाटलं. मला माझं लिहायला काही वर्षं लागली.

फसलेल्यांचं काय, हे विचारणारेही येतात. मागच्या उन्हाळ्यात आण्णांच्याच गल्लीतली एक बाई आली, पदरानं घाम पुसत. लिंक उघडली, कार्डाचा नंबर दिला, ओटीपीपण दिला, सव्वा तासापूर्वी. मी तिला बसवलं नाही. आधी १९३० लावला, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर, मग बँकेचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, मध्येच कुठंतरी गोठवता आले तर आले, म्हणून मिनिटांचा हिशेब. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर नंतर केली. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम तेव्हा असा होता की ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे मी यष्टीची वाट बघत उभी राहिले तोबी माझाच?’ हो, तोही. सगळे नाहीत, पण थोडे पैसे परत आले.

हे सगळं आण्णांच्या कानावर होतंच. गेल्या महिन्यात त्यांच्या ट्रकमधून कुपवाडपर्यंत गेले, माझी स्कूटर बंद पडली होती म्हणून. केबिनमध्ये दाराच्या आतल्या बाजूला टायरच्या हवेचे आकडे रंगवलेले, पुढचे इतके, मागचे इतके. त्याखाली पेंटरकडून पिवळ्या रंगात आयकराचा पत्ता लिहून घेतलेला, देवनागरीत, ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’. ‘डॉट’सकट. आणि त्याच्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना कमळ काढून, १९३०.

म्हटलं, आण्णा, हे चांगलं केलंत.

‘ते हाय की,’ गिअर टाकत म्हणाले. ‘पर हमाल इचारत्यात, आण्णा, धंदा १९३० सालापासनं हाय व्हय?’

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘हो म्हणतो. भाडं जरा वाढवून मिळतंय.’